पिसोरी, फासकी आणि होमस्टे: म्हादईच्या कडेवरच्या एका गावाचे प्रकरण

गावाचे नाव, वाड्यांची नावे आणि माणसांच्या ओळखी इथे काढून टाकल्या आहेत. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहणारा वाचक अंदाज बांधेलच, पण त्याच्या डोळ्यांसमोर एक नव्हे, चार-पाच गावे येतील आणि ते बरेच आहे. गावाच्या पर्यटन समितीने नेमलेल्या वाटाड्यांना पक्षी, साप आणि पाहुण्यांशी वागणूक शिकवण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून बहुतेक बैठकांना मी हजर होतो. निर्णय समितीचे. मते मात्र, जिथे दिली आहेत तिथे, माझी.

पार्श्वभूमी

म्हादई अभयारण्य १९९९ साली अधिसूचित झाले, २०८ चौरस किलोमीटरचे. तेव्हा गोव्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल जेकब यांच्या कारकिर्दीत हा निर्णय झाला. निसर्गप्रेमींनी त्याचे स्वागत केले. सत्तरीतल्या अनेक गावांनी मात्र ‘आम्हाला न विचारता लादले’ हा राग अजून सोडलेला नाही. जमिनीचे आणि वहिवाटीचे हक्क ठरवण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, त्यामुळे काजूची बाग कुणाची आणि अभयारण्याची हद्द कुठे, हा वाद दर उन्हाळ्यात ठरलेला.

२००९ साली केरी भागात वाघ मारल्याचे प्रकरण उघडकीस आले. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. गुरे मारल्याच्या रागातून हे झाल्याचे तपासात पुढे आले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचा भाग व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश सरकारला दिला आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्याचा परिणाम असा, की कॅमेरा घेऊन गावात आलेला परका माणूस म्हणजे वाघवाल्यांचा हेर, आणि खाकी कपड्यातला माणूस म्हणजे जमीन काढून घ्यायला आलेला. अशा हवेत गावात निसर्ग पर्यटन सुरू झाले.

सुरुवात खालच्या वाड्यातून झाली. डांबरी रस्ता तिथवर येतो, घरे मोठी आहेत, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि पुढे नदी. गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली तीन घरांनी रीतसर होमस्टेची नोंदणी केली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्षी पाहणारे येत: कर्णा, धनेश, रानकोंबडा. पावसात धबधबे आणि साप-बेडूक पाहणारे. गावातली पाच पोरे वाटाडे झाली. त्यातला सगळ्यांत तयार पोरगा वरच्या वाड्यातला. बांबूच्या बेटात अंगभर हिरवा चापडा वेटोळे करून बसलेला असायचा, तो याला चालता चालता दिसायचा. आम्हाला बोट दाखवूनही दिसत नसे. हे शिक्षण त्याला आमच्याकडून मिळालेले नव्हते. त्याचा मामा वाड्यातला नावाजलेला शिकारी, आणि पोरगा लहानपणापासून त्याच्या मागे फिरलेला.

वरचा वाडा जंगलाला लागून आहे. घरे लहान, पाहुण्याला द्यावी अशी खोली किंवा न्हाणीघर कुणाकडे नाही. थोडी भातशेती, काजू, दोन-चार गुरे. रानडुकरे भातात शिरतात, माकडे नारळ-सुपारी ठेवत नाहीत, गवेरेडे तर बांधासकट शेत तुडवतात. शिकारीला इथे कुणी गुन्हा म्हणत नव्हते. डुक्कर पडले की त्याचे वाटे व्हायचे: ज्याच्या फासकीत (तारेच्या फासात) पडले त्याचा मोठा, हाकाऱ्याला गेलेल्यांचे सारखे, आणि एक वाटा ज्या घरी कर्ता पुरुष नाही तिथे. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही. पुढे जे बदलले ते कळावे म्हणून सांगतो.

काय घडले

गणेशाची चवथ होऊन गेली होती आणि भात पिकायला लागले होते. पुण्याहून आलेला छायाचित्रकारांचा एक गट पहाटे वरच्या वाड्यातल्या त्या वाटाड्याबरोबर निघाला. नेहमीच्या वाटेपासून थोडे आत, जुन्या वईच्या (कुंपणाच्या) खिंडारात त्यांना फासकी दिसली आणि तीत मेलेली पिसोरी.

पिसोरी म्हणजे आपल्याकडचे सगळ्यांत लहान, हरणासारखे खूर असलेले जनावर, सशापेक्षा थोडे मोठे, जेमतेम तीन किलोचे, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. रात्री फिरणारे आणि बुजरे; पाच-पाच वर्षे जंगलात फिरणाऱ्यांनाही ते क्वचित दिसते. फासकी डुकरासाठी लावलेली होती. मोटारसायकलच्या क्लचची तार, एक टोक करंजाच्या खुंटाला, फास जमिनीपासून गुडघ्याच्या खाली. तारेला डुक्कर की पिसोरी हे कळत नाही. म्हणूनच गोव्यात डुकराच्या फासकीत अधूनमधून बिबट्या कमरेत अडकलेला सापडतो.

वाटाडा वाकून तारेकडे पाहत राहिला आणि काही बोलला नाही. पुढे त्याने मला सांगितले की तारेला दिलेला पीळ त्याने ओळखला होता. प्रत्येकाची गाठ मारायची पद्धत वेगळी असते. ही मामाची होती.

पाहुण्यांनी फोटो काढले आणि रेंज मिळताच ठिकाणासकट समाज माध्यमांवर टाकले. होमस्टेचे नावही लिहिले, त्यांच्या मते जबाबदारीच्या भावनेने. दुपारपर्यंत ते हजारो लोकांनी पाहिले. खरा घाव त्याखालच्या एका प्रतिक्रियेने घातला. आदल्या हिवाळ्यात त्याच घरी राहून गेलेल्या कुणीतरी लिहिले होते: या गावात आम्ही रानडुकराचे मटण खाल्ले होते, अप्रतिम, यजमानांनी खास मागवले होते.

अडचण नेमकी कोणती होती

पहिल्या दिवशी सगळ्यांनी अडचण मांडली ती अशी: शिकारी वाईट, पर्यटन चांगले, आणि शिकाऱ्यामुळे पर्यटन बुडते आहे. खालच्या वाड्याला हे सोयीचे होते. त्या प्रतिक्रियेने ती मांडणी मोडली.

तो होमस्टे चालवणाऱ्या वहिनींना विचारले तेव्हा त्यांनी लपवले नाही. पाहुणे विचारायचे, ‘जंगलातले काही मिळेल का?’ शहरातल्या माणसाला गावात आले की कोंबडी नको असते. एकदा कुणीतरी फार गळ घातली, वहिनींनी वरच्या वाड्यात निरोप पाठवला, मांस आले, पाहुण्याने बिलाशिवाय वेगळे पैसे ठेवले. मग पुन्हा कुणी विचारले. दुसऱ्या हंगामात वरच्या वाड्यातून स्वतःहूनच निरोप येऊ लागला, ‘पडले आहे, हवे का?’

वाट्याला पैसे लागू झाले ते इथे. जे मांस पूर्वी वाड्यातल्या वाड्यात संपायचे आणि म्हणून दोन-तीन आठवडे पुन्हा फासकी लावायची गरज नसायची, त्याला आता गिऱ्हाईक मिळाले. ज्या घरी कर्ता पुरुष नाही तिथला वाटा बंद झाला. निसर्ग पर्यटनाने शिकार कमी केली नव्हती, तिला बाजार दिला होता. हे म्हणणे पर्यटनाच्या विरोधकांना हत्यार देणारे आहे हे मला ठाऊक आहे, पण या गावात ते खरे होते.

दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला. वाटाड्याकडे दोन वर्षांच्या वह्या होत्या: कुठल्या तारखेला कुठल्या वाटेने पाहुणे नेले, काय दिसले, आणि कुठे तार दिसली तर तिची खूण. त्याने ती नोंद कुणाला दाखवण्यासाठी केली नव्हती. पाहुण्याचा पाय अडकू नये म्हणून केली होती. वह्या पुढ्यात ठेवून बसल्यावर लक्षात आले की पक्ष्यांच्या हंगामात, पाहुण्यांची रोज ये-जा असलेल्या वाटांवर तारा जवळजवळ नव्हत्या. जूननंतर त्याच वाटांवर त्या परत येत. आणि हंगामात त्या नाहीशा होत नव्हत्या, फक्त काजूच्या बाजूला सरकत होत्या, जिकडे पाहुणा कधी जात नाही.

याचे कारण कॅलेंडर पाहिल्यावर समजते. पर्यटनाचा पैसा नोव्हेंबर ते फेब्रुवारी येतो. रानडुकराचा त्रास भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. जूनच्या पहिल्या सरींनी डबक्यांत पिवळेधमक बेडूक ओरडायला लागतात. त्यांच्या तंगड्या ‘जंपिंग चिकन’ म्हणून खाणारे आणि विकणारे गोव्यात अजून आहेत, कायद्याने बंदी असली तरी. आणि नेमके याच मोसमात धबधबे बंद झाले. जुलै २०२३ मध्ये मायणापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. जीव वाचवण्यासाठी ती बंदी योग्यच होती. पण या गावात तिचा अर्थ असा झाला की शिकारीचा मोसम सुरू होतो त्याच आठवड्यात वाटाड्यांची कमाई थांबली.

शिवाय कमाई खालच्या वाड्यात आणि तारा वरच्या वाड्यात. म्हणजे महिना चुकलेला आणि घरही चुकलेले.

समोर असलेले पर्याय

पिसोरी सापडली त्या रात्री आणि पुढच्या आठवड्यात जे पर्याय चर्चेला आले, ते सगळे तितक्याच गांभीर्याने मांडले गेले नव्हते. काही नुसते रागाच्या भरात आले.

पहिला, गप्प बसायचे. वहिनींच्या दिराने सुचवले की ते मटण पाळीव डुकराचे होते असे लिहून टाकू. हा पर्याय एका वाक्यात संपला. समितीतल्या एका वयस्क पंचबाईंनी विचारले, ‘आणि उद्या रेंजरने डुक्कर कुठे पाळले होते ते दाखव म्हटले तर?’

दुसरा, वाटाड्याने वन खात्याला नाव सांगायचे. इथे कायदा समजून घेणे गरजेचे होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली पिसोरी पहिल्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा अभयारण्यातली कुठलीही शिकार म्हणजे किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान २५ हजार रुपये. असा गुन्हा गावात बसून मिटवता येत नाही, दंड भरून सोडवताही येत नाही. मांस जवळ बाळगणे हाही गुन्हाच, म्हणजे वहिनीही त्यात आल्या आणि खरे तर मिटक्या मारून खाणारा पाहुणाही. हे वाचून दाखवल्यावर खोलीत जो सन्नाटा पसरला त्यावरून कळले की आजवर कुणी हे कलम पाहिलेच नव्हते.

तिसरा, पर्यटन बंद. वरच्या वाड्यातून आलेली सूचना, थोडी डिवचण्यासाठी. पण तिच्यातही तथ्य होते: ‘तुमचे पाहुणे नव्हते तेव्हा आमची शिकार आमच्यापुरती होती.’

चौथा, देवळात नारळ ठेवून गावाने शपथ घ्यायची की फासकी लावणार नाही. राखणदार देवाचा धाक या भागात अजून मोठा आहे, देवराईतली काटकी कुणी उचलत नाही, आणि मला हा पर्याय चांगला वाटला होता. देवळाचा मान असलेल्या गावकाराने तो मोडीत काढला. तो म्हणाला, ‘देवाला पोलीस करू नका. एकाने शपथ मोडली की देवाचे काय राहिले?’ मला त्यावर उत्तर सुचले नाही.

पाचवा पर्याय बाहेरच्या उदाहरणावरून आला. केरळमध्ये पेरियारला १९९० च्या दशकात झाडांची साल आणि लाकूड चोरणाऱ्या गटांनाच वन खात्याने वाटाडे आणि गस्तवाले म्हणून उभे केले आणि त्यांच्या पायवाटा पर्यटकांना खुल्या केल्या. हे उदाहरण निसर्ग पर्यटनाच्या प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. सांगताना एक गोष्ट गाळतात: तिथे वन खाते स्वतः करारातला पक्ष होते, पाठीशी मोठा प्रकल्प आणि निधी होता. एका गावच्या समितीला तसा करार करता येत नाही. समितीच्या हातात होते ते तीन होमस्टे, पाच वाटाडे आणि एक समजूतदार वनरक्षक.

निर्णयाची पहिली जागा: जबानी

वन खात्याची माणसे दुसऱ्या दिवशी आली. पंचनामा झाला, अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंदला, वाटाड्याला जबानीसाठी बोलावले. आदल्या रात्री तो माझ्या घरी आला आणि त्याने विचारले, ‘सर, मी काय सांगू?’

समितीत यावर दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, आज नाव लपवले तर समिती कुठल्या तोंडाने संवर्धनाच्या गोष्टी करणार. दुसऱ्या बाजूचे, मामाचे नाव भाच्याकडून वदवून घेतले तर वरच्या वाड्यातले पोरगे पुन्हा कधी वाटाडे होणार नाही आणि जंगलातली एकही खबर इकडे येणार नाही. शेवटी ठरले ते असे: त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते सगळे सांगायचे, जागा, वेळ, तार, खुंट, आधीच्या खुणांच्या वह्यासुद्धा द्यायच्या, अंदाज सांगायचे नाहीत. पीळ ओळखला हा अंदाज आहे की पुरावा, यावर अर्धा तास गेला. कायद्याच्या चोख माणसाला ही पळवाट वाटेल. मला अजूनही वाटते की वाटाडा आणि खबऱ्या ही दोन कामे एकाच माणसाच्या गळ्यात बांधू नयेत. बांधली तर दोन्ही बुडतात.

वहिनींनी मात्र स्वतः जाऊन वनरक्षकाला मांसाबद्दल सांगितले. त्यांच्यावर पुढे कारवाई झाली नाही, कारण खाल्लेल्या मांसाचा पुरावा उरत नाही. पण होमस्टेच्या यजमानांत त्या पहिल्या, ज्यांनी हे तोंडाने कबूल केले. त्यानंतर उरलेल्या दोन घरांनाही बोलावे लागले.

दुसरी जागा: तारेमागे पैसे की दिवसामागे

समितीने प्रत्येक पाहुण्यामागे थोडी रक्कम बाजूला काढून तारा काढण्याच्या फेऱ्या सुरू करायचे ठरवले. फेरी वनरक्षकाबरोबरच, कारण अभयारण्यात परवानगीशिवाय फिरणे हाही गुन्हा. पहिला प्रस्ताव होता, जो जितक्या तारा आणेल तितके पैसे. ऐकायला रास्त. वाटाड्यांपैकीच एकजण हसला आणि म्हणाला, ‘मग मी सकाळी लावीन आणि संध्याकाळी काढून आणीन.’ प्रस्ताव तिथेच फिरवला आणि दिवसाचे मानधन ठरले, तार मिळो वा न मिळो.

आता फेरीला कोण? तारा कुठे आहेत हे ज्याला कळते तोच कामाचा, आणि गावात ते सगळ्यांत जास्त मामाला कळत होते. वनरक्षकाने सरळ म्हटले, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पंचबाई म्हणाल्या, किल्ल्या त्याच्याकडेच आहेत, आपण फक्त पगार देतो आहोत. मामाला आधी वाटाड्याचे काम देऊ केले होते, ते त्याने धुडकावले: ‘म्हातारपणी लोकांना साप दाखवत फिरू?’ फेरीला मात्र तो आला. का आला हे मला नीट कळलेले नाही. गुन्ह्याची भीती असेल, भाच्याची भीड असेल, किंवा इतरांनी लावलेल्या तारा काढताना त्याला वेगळीच मजा येत असेल. वईच्या एका खिंडाराशी तो बसला, पाचोळा बोटांनी बाजूला केला आणि म्हणाला, इथून डुक्कर आठ दिवसांत गेलेले नाही, तार पुढच्या वळणावर असणार. ती तिथेच होती.

तिसरी जागा: रात्रीचे उजेड

पावसाळ्यात कमाई हवी, धबधबे बंद. वाटाड्यांनी सुचवले, गावच्या शेतात बेडूक दाखवूया. पहिल्या पावसानंतर भाताच्या डबक्यांत जो गोंधळ चालतो तो पाहायला लोक खरेच येतात, आणि शेते अभयारण्याबाहेर, त्यामुळे रात्री फिरायला अडचण नाही.

अडचण वेगळीच निघाली. बेडूक पकडणारेही रात्री, पावसात, बॅटरी घेऊनच फिरतात. तोंडावर उजेड मारला की बेडूक जागचा हलत नाही. गस्तीवरच्या वनरक्षकाला लांबून दिसतात ते नुसते हलणारे उजेड. त्यातले पाहुणे कोण आणि पोती घेऊन आलेले कोण? पहिल्या आठवड्यात त्याने पाहुण्यांच्या दोन गटांना अडवले, आणि तिसऱ्या वेळी ‘होमस्टेचेच असतील’ म्हणून एका गाडीला सोडून दिले. ते बाहेरून आलेले बेडूक पकडणारे होते. पर्यटनाने चोरांना आडोसा दिला होता.

मग पद्धत बसवली. फेरीची वेळ आणि माणसांची संख्या संध्याकाळी वनरक्षकाला कळवायची, फेरी नऊला संपवायची, सगळ्या पाहुण्यांनी अंगावर एकाच रंगाचा पट्टा घालायचा, वाटाड्याशिवाय उजेड नाही. नऊनंतर शेतात दिसलेला उजेड म्हणजे संशयास्पद. या साध्या नियमाने वनरक्षकाचे काम हलके झाले. बेडूक हातात घेऊन फोटो काढणे बंद केले. ते सर्वांत कठीण गेले, कारण पाहुण्यांना तेच हवे असते.

स्वयंपाकघर

रानातले मांस बंद, हे पाटीवर लिहून लावले आणि खोली आरक्षित करतानाच कळवायचे ठरले. तरी लोक विचारतात. वहिनी आता सांगतात, ‘मिळते, पण तीन वर्षांच्या कैदेसकट.’ ताटात काय द्यायचे हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अधिक मोठा होता आणि तो त्यांनीच सोडवला: कुळथाचे सार, नाचणीची भाकरी, फणसाची भाजी, पावसात तायकिळा आणि आकूर या रानभाज्या, चवथीच्या दिवसांत भाज्यांचे खतखते. ओळमीवरून खूप वाद झाला. वारुळावर उगवणारी ही अळंबी गोव्यात पावसात वाटेल त्या भावाने विकली जाते आणि अभयारण्यातून काढायला परवानगी नाही. पाहुणे ती मागतात. मांस बंद करून ओळमी चालू ठेवली तर वरच्या वाड्याला पुन्हा तीच वाट दाखवली असे होईल, म्हणून तीही बंद झाली. हा निर्णय मला जरा टोकाचा वाटतो. घरच्या वईवर उगवलेल्या ओळमीने कुणाचे काय बिघडते. पण वेगळे करून तपासणार कोण, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पाहुण्यांचे दुपारचे जेवण मात्र वरच्या वाड्यात हलवले, तिथल्या तीन घरांत आळीपाळीने. न्हाणीघर नसले तरी जेवण वाढता येते.

निष्पत्ती

गुन्हा अज्ञात व्यक्तीविरुद्धच राहिला. त्या हिवाळ्यात बरीच आरक्षणे रद्द झाली, पुढच्या वर्षी लोक परतले.

पाहुण्यांच्या वाटांवर पावसाळ्यातही तारा कमी झाल्या, हे फेऱ्यांच्या नोंदीवरून दिसते. मांस होमस्टेच्या ताटातून गेले. वाड्यात अजूनही कधीतरी वाटे होतात, असे ऐकू येते, आणि समितीने त्यात नाक खुपसायचे नाही असे ठरवले आहे. काजूच्या बाजूला मात्र फार फरक नाही. नंतरच्या उन्हाळ्यात तिकडेच एक बिबट्या कमरेत तार अडकून लोंबकळताना सापडला; वन खात्याच्या पशुवैद्याने भूल देऊन सोडवला, जगला. त्या बागेच्या मालकाने डुकराने केलेल्या नुकसानीसाठी शेतकरी आधार निधीत अर्ज करता येतो हे कधी ऐकलेच नव्हते.

आणि तो तयार पोरगा आता वाटाडा नाही. जबानीनंतर दोन्ही वाड्यांनी त्याच्याकडे संशयानेच पाहिले, खालच्यांनी नाव न सांगितल्याबद्दल, वरच्यांनी वह्या दिल्याबद्दल. तो पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. महिन्याला ठरलेला पगार मिळतो, जूनमध्येही.

वेगळे काय करता आले असते

जबानी देताना वाटाड्याच्या सोबत समितीचे दोघे जाऊन वह्या समितीच्या नावाने देऊ शकले असते. कागद तेच, पण ते एकट्याच्या अंगावर आले नसते. याचा विचार कुणी त्या रात्री केला नाही.

पाहुण्यांना ठिकाण टाकू नका हा नियम फोटो काढण्याआधी सांगायला हवा होता. फासकी दिसली तर आधी वनरक्षकाला कळवा, फोटो त्याला द्या, हे आता पहिल्या चहाबरोबर सांगतात. दुर्मीळ प्राण्याचे ठिकाण जाहीर करणे हे चोराला नकाशा देणे आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

सर्वांत आधी करायला हवी होती ती गोष्ट सर्वांत शेवटी झाली: वरच्या वाड्याला सोबत घेणे. होमस्टे कुणाच्या घरी निघेल एवढेच पाहून सुरुवात केली तेव्हा शिकार करणारी घरे आपोआप बाहेर राहिली. कुठल्याही अभयारण्याच्या कडेला कुणी हे काम सुरू करत असेल तर पाहुणे किती येतील हे विचारण्याआधी, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या घरात पैसा पोहोचेल, हे दोन स्तंभ कागदावर मांडावेत. शेजारी तारांचा आणि बेडकांचा महिना लिहावा. वन खात्यानेही धबधबे बंद करताना त्याच आदेशात, बंदीच्या काळात वाटाड्यांना गस्तीचे किंवा तारा काढण्याचे रोजंदारीचे काम जोडून दिले तर एका कागदात दोन कामे होतील. समितीने तसे पत्र दिले आहे, उत्तर आलेले नाही.

येत्या जूनची बेडकांची पहिली फेरी वरच्या वाड्याच्या शेतांतून न्यायचे ठरले आहे. नऊनंतर रस्त्यावर उभे राहून बाहेरच्या गाड्या कोण थांबवणार, हे अजून ठरायचे आहे. गावातल्या माणसाला गाडी अडवण्याचा अधिकार नाही आणि वनरक्षक एकटाच. मामाला सोबत उभे राहण्याबद्दल विचारले आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही, पण मानधन रात्रीचे की तासाचे, एवढे विचारून घेतले आहे.